उभं माप

काही माणसांचं देणं पैशांत फिटत नाही. सांगलीच्या गावभागात ब्लाउज शिवणाऱ्या एका काकूंचं माझ्यावर तसंच ऋण आहे. त्यांनी मला पोहण्याचा पोशाख शिवून दिला आणि कितीतरी वर्षं तुटलेलं पाणी पुन्हा जोडून दिलं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला रिकामा डबा बांधून. मीही तशीच शिकले, परकर-पोलक्यात. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या पाण्यात आजी लुगड्याचा काचा घट्ट मारून हात मारायची. पण मला न्हाण आलं आणि ओल्या अंगानं चारचौघांत वर यायचं कसं, या एका प्रश्नापाशी माझं पोहणं थांबलं. आरती साहा 1959 साली इंग्लिश खाडी पोहून गेल्या होत्या, तरी आमच्या गल्लीतल्या वयात आलेल्या मुलीला पाणी बंदच होतं.

लग्न होऊन सांगलीत आले. चाळिशीनंतर कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. दुकानातून कॉश्च्युम आणला. पट्टे खांद्यात रुतायचे, मांडीवरची कड वर चढायची, वाकलं की छातीपाशी फट पडायची. एक साइज मोठा घेतला, तर तो काखेत ढगळ झाला, खांदे मात्र तसेच काचत राहिले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगाला नाहीच बसायचा." मी तो पिशवीत घालून काकूंकडं गेले, काखेत टिपा मारून मिळतील का बघायला.

काकूंनी तो उलटा केला, शिवण ताणून पाहिली आणि टेप उचलली. छाती, कंबर, सीट ही नेहमीची मापं झाली. मग म्हणाल्या, "आता उभं माप घेऊ." टेपचं टोक माझ्या खांद्यावर धरून त्यांनी ती छातीवरून, पोटावरून, दोन्ही पायांमधून नेली आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणली. तसंच दुकानातल्या कॉश्च्युमचं मोजलं. ताणूनसुद्धा तो चार बोटं कमी भरला. "अगं, तुझं धड लांब आहे. कपडा आखूड आहे. रुंदी वाढवून काय होणार? तुझ्या अंगात काही खोट नाही," त्या म्हणाल्या. माझ्या शरीराबद्दल इतकं सरळ आणि इतकं मायेनं तोवर कुणी बोललं नव्हतं.

नायलॉन-लायक्राचं कापड मी पुण्याहून आणवलं, गडद मोरपंखी. काकूंनी झिगझॅग टिपेनं शिवलं, कारण साधी टीप ताणली की तटकन तुटते. छातीला आतून आधार दिला, पोटावर दुहेरी अस्तर घातलं, पट्टे पाठीवर फुलीसारखे ओढले, मांडी गुडघ्यापर्यंत झाकली. पोटाबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "लपवायचं नाही, धरायचं." घालून हात वर करायला लावले, वाकायला, उकिडवं बसायला लावलं. कॉश्च्युम कोरडा असताना किंचित घट्ट हवा, पाण्यात तो सैलावतो, हेही त्यांनीच सांगितलं. आरशात मी स्वतःला आवडले. शिलाई त्यांनी घेतली नाही. त्या हरिपूरच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावर वाढलेल्या. "मला पोहायचं राहून गेलं, तू पोह," म्हणाल्या.

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट. गावभाग पाण्यात गेला. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, बायका-मुलं बुडाली. पाणी ओसरल्यावर काकूंच्या घरातला गाळ उपसायला आम्ही पोहण्याच्या तलावावरच्या मैत्रिणी गेलो आणि वर्गणी काढून त्यांचं मशीन दुरुस्त करून दिलं. त्याच पावसाळ्यानंतर लेकींना पोहायला घालायचं म्हणून आया त्यांच्याकडं कॉश्च्युम शिवायला येऊ लागल्या. काकू प्रत्येकीचं उभं माप घेतात आणि रंग मुलीलाच निवडू देतात.

कृष्णाकाठच्या बायांनो, नदी आपल्या दाराशी आहे, तेव्हा पोहता यायलाच हवं. स्वतःसाठी, लेकीसाठी कॉश्च्युम घेताना उभं माप घेऊन जा. हात वर करून, वाकून, बसून बघा. वापरल्यावर साध्या गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, क्लोरीन आणि ऊन लायक्रा खातात. आणि बसला नाही, तर कपडा बदला. अंगाला दोष देऊ नका.