इन्स्टॉलरच्या आधी

पेणच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे, म्हणून हे नाव प्रवाशांच्या कानावर असतं. इथल्याच एका घरातून रात्री सर्व्हरची कामं चालतात, हे शेजाऱ्यांनाही धड माहीत नाही. प्रस्तुत लेखक त्या घरात राहतो. सर्व्हर अर्थात नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. रामवाडीत फक्त लॅपटॉप, फायबरची वायर आणि लाइट गेली तर निभावून नेणारा इन्व्हर्टर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंपनीच्या नव्या सर्व्हरवर ओरॅकल १९सी हा डेटाबेस टाकायचा होता. यंत्रणा रेड हॅट ७. फोनवर त्यांच्याकडचा एक तरुण मुलगा, घाईत. "सर, इन्स्टॉलर सुरू करू? सकाळी साहेबांना दाखवायचंय."

"आधी युलिमिट किती आहे ते सांग."

त्याने वाचून दाखवलं : उघड्या फाइल्स १०२४.

लिनक्समध्ये एका प्रोसेसला एका वेळी किती फाइल्स उघड्या ठेवता येतील, एका युजरला किती प्रोसेस चालवता येतील, किती मेमरी अडकवून ठेवता येईल, हे आधीच ठरलेलं असतं; युलिमिट ही आज्ञा त्या मर्यादा दाखवते. नेटवर्कची प्रत्येक जोडणीही इथे फाइल म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे १०२४ हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. तो जुना आहे. 'सिलेक्ट' नावाच्या एका जुन्या सिस्टिम कॉलला १०२४च्या पुढचं मोजताच येत नाही. म्हणूनच २०१८च्या अखेरीस, लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या २४०व्या आवृत्तीने हार्ड मर्यादा पाच लाखांच्या पुढे नेली, तरी सॉफ्ट मर्यादा १०२४वरच ठेवली.

सॉफ्ट आणि हार्ड यांचं नातं एसटीत बसलेल्या आणि उभ्या प्रवाशांसारखं. सीट भरल्यावर उभे किती घ्यायचे ते एका आकड्यापर्यंत कंडक्टरच्या हातात, त्यापुढे नाही. प्रोसेस स्वतःची सॉफ्ट मर्यादा हार्डपर्यंत वाढवू शकते. हार्ड वाढवणं रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी युजरचं, काम.

ओरॅकल स्वतःचे आकडे छापूनच देतं : फाइल्सची हार्ड मर्यादा ६५५३६, प्रोसेसची सॉफ्ट २०४७ आणि हार्ड १६३८४. इन्स्टॉलर ते तपासतो आणि कमी असतील तर लाल खूण करतो. पण त्याच पडद्यावर 'इग्नोर ऑल' अशी एक चौकटही असते. त्या चौकटीवर टिक करून डेटाबेस बसतो, उघडतो, साहेबांना दाखवताही येतो. घोटाळा होतो तो पुढे कधीतरी, महिनाअखेरीला सगळे एकदम आत शिरल्यावर, आणि तेव्हा लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' एवढंच दिसतं.

हे फक्त छोट्यांच्या बाबतीत होतं असं नाही. २५ नोव्हेंबर २०२० रोजी ॲमेझॉनची किनेसिस ही सेवा उत्तर व्हर्जिनियात कोसळली. पहाटे त्यांनी ताफ्यात काही सर्व्हर वाढवले होते. प्रत्येक सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडत असे. सर्व्हर वाढले तसे सगळ्यांवरचे थ्रेड वाढले आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या पुढे गेले. सगळं पूर्ववत व्हायला अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार रात्रीचे दहा वाजून गेले. क्षमता वाढवायला गेले आणि त्यानेच सेवा पडली! आणखी गंमत म्हणजे ग्राहकांना कळवायचं जे पान होतं, ते अद्ययावत करण्याचं साधनही याच गोंधळात अडकलं होतं.

मुलगा म्हणाला, "मग सगळीकडे अनलिमिटेडच लिहून टाकतो."

लेखकाने त्याला थांबवलं. रेड हॅट ७मध्ये उघड्या फाइल्सना 'अनलिमिटेड' चालत नाही. कर्नलची स्वतःची एक कमाल असते, तिथे सहसा १०४८५७६. त्याहून जास्त मागितलं की कर्नल नकार देतं, लॉगिनची राखण करणारं पॅम आतच येऊ देत नाही, आणि सर्व्हरचा मालकच बाहेर राहतो. एका ठिकाणी असं झालेलं लेखकाने पाहिलं होतं. कोणाचं तरी एक सेशन उघडं राहिलं होतं, म्हणून निभावलं. तेव्हापासून, या मर्यादा जिच्यात लिहितात त्या लिमिट्सच्या फाइलला हात लावायच्या आधी दुसरी खिडकी उघडी ठेवायची, हा त्याचा शिरस्ता.

आकडे लिहिले. नव्याने लॉगिन केलं, कारण मर्यादा प्रोसेस जन्मताना मिळते. चालू सेशनला नव्या ओळींचा पत्ता नसतो. फाइल्स वाढल्या, पण प्रोसेसची सॉफ्ट मर्यादा ४०९६वरच. मुलाने लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये तारका लावून, म्हणजे सर्व युजरांसाठी, १६३८४ लिहिले होते. रेड हॅट ७मध्ये लिमिट्स डॉट डी या फोल्डरात आणखी एक फाइल असते. ती नंतर वाचली जाते आणि तिच्यात तारकेपुढे ४०९६ असतात. नंतरचं खरं. तारकेच्या जागी ओरॅकल युजरचं नाव लिहिल्यावर आकडा बदलला.

"आता झालं ना सर?"

अजून एक दार उरलं होतं. यंत्र सुरू होताना सिस्टिमडी युनिट फाइलमधून जी सेवा थेट उठवतं, तिच्या बाबतीत ही लिमिट्सची फाइल वाचलीच जात नाही. पटवून देत बसण्यापेक्षा लेखकाने त्याला एक रिकामी सेवा लिहायला सांगितली : ओरॅकलच्या नावाने सुरू व्हायचं आणि नुसतं झोपून राहायचं. यंत्र रिबूट केलं आणि प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या मर्यादा पाहिल्या. फाइल्स : सॉफ्ट १०२४, हार्ड ४०९६. मुलगा क्षणभर गप्प. मग त्यानेच युनिट फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी घातल्या, सेवा पुन्हा उठवली, आणि ६५५३६ मोठ्याने वाचून दाखवले. त्याच दोन ओळी डेटाबेसच्या सेवेसाठी बाजूला लिहून ठेवल्या आणि झोपणारी सेवा पुसून टाकली.

इन्स्टॉलर सुरू केला तेव्हा तपासणीत एकच लाल खूण उरली : स्वॅप कमी. ती तक्रारही रास्त होती. स्वॅप वाढवायला घेतला.