ठिबकची व्हेंच्युरी आणि भाच्याची टर्बो जीप



आजची नोंद उसाची नाही, गाडीची आहे. पण ठिबकवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण गाडीचा घोळ सुटला तो ठिबकच्याच हिशोबानं.

भाच्याकडं त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या दाजींची जुनी पेट्रोल जीप आहे. मूळ इंजिन कधीच दमलं होतं. दाजींनी हयातीतच त्यात काँटेसामध्ये यायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन बसवलं आणि आरटीओत रीतसर नोंद करून घेतली. दाजी गेल्यावर पोरानं ऑफरोडच्या स्पर्धेसाठी म्हणून त्याला टर्बो चढवला. कार्बोरेटर तोच ठेवला.

तेव्हापासून दुखणं एकच. उभ्या गाडीचं इंजिन छान चालतं. सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. पण चढाला लागलं, बूस्टचा काटा तीन पीएसआयच्या वर गेला की गाडी आचके देते आणि उठायच्या ऐवजी बसते. एका गॅरेजवाल्यानं तीनदा जेट बदलून मोठा घातला. मग सपाटीला काळा धूर यायला लागला, पेट्रोल जास्त खायला लागली, पण चढावरचे आचके जिथल्या तिथं. शेवटी तो म्हणाला, "हेड खोलू, पिस्टन-रिंग बघू." आकडा ऐकून ताई म्हणाली, "विकून टाक ती." भाचा काहीच बोलला नाही. गाडी घेऊन मळ्यात आला, एवढंच.

मी काही मेकॅनिक नव्हे. पण पाण्याच्या मोटरी, फवारणीचे पंप आणि ठिबक यांच्यात निम्मं आयुष्य गेलंय. म्हटलं, काही खोलायच्या आधी आपल्या डोक्यानं बघू.

आता कार्बोरेटर म्हणजे काय? ठिबकला खत सोडायची व्हेंच्युरी असते ना, तीच. मधे गळा अरुंद, तिथनं हवा जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि बाजूच्या जेटमधनं पेट्रोल ओढलं जातं. आपल्याकडं पाणी खत ओढतं, तिकडं हवा पेट्रोल ओढते. आणि व्हेंच्युरीचा नियम आपल्याला पाठ आहे: लाईनीत नुसता दाब असून भागत नाही, फरक लागतो. पुढच्या लाईनीचा दाब चढला आणि फरक राहिला नाही की व्हेंच्युरी खत ओढायचं बंद करते. वर पाणी उलटं खताच्या बॅरलमध्ये येऊन बुडबुडे काढतं. हे ज्यानं पाहिलं नाही तो ठिबकवाला नव्हे.

साध्या गाडीत कार्बोरेटरच्या वरची हवा बाहेरचीच असते आणि फ्लोट चेंबरही बाहेरच्या हवेला उघडं असतं. दोन्हीकडं सारखं, म्हणून गळ्यात पडलेला दाब पेट्रोल ओढतो. भाच्याच्या जीपमध्ये टर्बो कार्बोरेटरच्या आधी आहे. म्हणजे बूस्ट आला की गळ्यातनं दाबाखालची हवा जाते. अशा वेळी चेंबर बाहेरच्या हवेला उघडं राहिलं तर काय होणार? बॅरलमध्ये बुडबुडे! पेट्रोल वर यायच्या ऐवजी हवाच त्याला खाली ढकलणार. मग जेट कितीही मोठा घाला. व्हेंच्युरीची खताची नळी जाड केली म्हणून गेलेला फरक परत येतो का?

म्हणून अशा जोडणीत कार्बोरेटरवरच्या बंद टोपीतनं एक बारीक नळी चेंबरला देतात. वर जो दाब, तोच चेंबरला. भाच्यानं ती दिलेलीही होती. मग घोडं कुठं अडलं?

पहिली तपासणी स्वस्तातली, ठिणगीची. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला अवघड जातं, बूस्टमध्ये मिसिंग येतं. प्लगची फट कमी करून ०.६ मिलिमीटर केली. काही फरक नाही. पण प्लग बघून घेतले. चढावर आचके आले तिथंच इंजिन बंद करून प्लग काढला तर टोक पांढरं फटक. म्हणजे भाराखाली पेट्रोल कमी पडतंय. हे आचक्यांपेक्षा वाईट. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं की आतली आग तापते, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनचा माथा वितळतो. आज हेड खोलायचं कारण नव्हतं, पण असंच चार चढ पळवलं असतं तर कारण तयार झालं असतं.

दुसरी तपासणी गळतीची. बॅटरीची वायर काढली, चेंबरमधलं पेट्रोल रिकामं केलं, गाडी उघड्यावर घेतली. टर्बोच्या तोंडाला बूच बसवून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला आणि ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरायच्या कंप्रेसरनं पाच पीएसआय दिले. जास्त नाही. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. जाड होज ठीक. बुडबुडे आले ते त्याच बारीक नळीला, क्लॅम्पच्या खाली. फवारणी पंपाची साधी प्लॅस्टिकची नळी वापरली होती. पेट्रोलच्या वाफेनं ती काचेसारखी कडक होऊन चिरली होती. वरनं क्लॅम्प असल्यामुळं दिसायचं काही नाही.

पेट्रोलला चालणारी रबरी नळी आणली, शंभर रुपयांच्या आत. मागं हजार लिटरची पाण्याची टाकी भरलेला ट्रेलर जोडला, म्हणजे एक टनाचा भार, आणि मळ्याकडचा चढ धरला. गाडी अशी उठली की भाचा ओरडलाच. पण चार-पाच सेकंदांनी पुन्हा मेली.

भाच्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, अरे, लक्षण बदललं ना? मग एक आजार गेला, आता दुसरा दिसतोय. आधी बूस्ट आल्या आल्या मरत होती, आता थोडी पळून मरते. विहिरीत झरा कमी असला की मोटर आधी जोरात ओढते आणि मग हवा धरते, तसं. चेंबर भरलेलं असतं तोवर पळते, रिकामं झालं की संपलं.

पेट्रोलच्या लाईनीत टी टाकून गेज लावलं. ते काचेच्या बाहेर बांधलं. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नाही म्हणजे नाही. मूळ पंपाचा दाब चार पीएसआय. बूस्ट गेला पाचवर. आता चेंबरमध्येच पाच, तर चारचं पेट्रोल आत शिरणार कसं? पुन्हा फरकाचाच हिशोब.

इलाज: इलेक्ट्रिक पंप, आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर. तो पेट्रोलचा दाब कायम बूस्टच्या तीन पीएसआय वर ठेवतो, उरलेलं टाकीत परत. जेट पुन्हा लहान केला. मूळ मापापेक्षा एकच पायरी मोठा. इग्निशनचं टायमिंग थोडं मागं घेतलं. आता त्याच चढाला, त्याच ट्रेलरला प्लगचा रंग फिका तपकिरी येतो. हेडचा एक नट हलवलेला नाही.

ज्यांना असलं काही करायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी:

१. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप ऑइल प्रेशरच्या स्विचवर घ्या. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे. गाडी उलटली तर हाच स्विच वाचवतो.

२. कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजला असेल तर बूस्टमध्ये तिथनं पेट्रोलसकट हवा बाहेर पडते. खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. तिथं ओल दिसली तर गाडी काढू नका.

३. डिपस्टिक वर ढकलली जात असेल, ऑइल बाहेर येत असेल तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतोय का बघा. त्या नळीला एकतर्फी व्हॉल्व्ह लागतो.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. जेट, टायमिंग, प्लग एकदम बदलले की कशानं फरक पडला ते कळत नाही.

ताईला अजून सगळं पटलेलं नाही. पण परवा तिनंच विचारलं, "जोतिबाला येशील का रे, जीप घेऊन?"

तुमच्याकडं कुणाची जुनी गाडी अशी भाराखाली बसत असेल तर खाली लिहा. गाडी कुठली ते नंतर. आधी लक्षण कधी येतं ते सांगा. थंड असताना, गरम झाल्यावर, भार पडल्या पडल्या, की थोडं पळून? निम्मं उत्तर तिथंच असतं.