अंडं मावशीचं, झोप शेजारणीची

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. मोबाइलचा अलार्म नाही, बॉसचा मेसेज नाही... तरी खिडकीखाली कुणीतरी जीव खाऊन ओरडतंय. मी उशी डोक्यावर घेतली. तो पुन्हा ओरडला. उशीचा काहीही उपयोग नाही, हे कळायला मला तीन बांगा लागल्या.

गाव नेर, जिल्हा यवतमाळ. (नेटवर नुसतं 'नेर' टाकलंत तर धुळे जिल्ह्यातल्या नेरला पोचाल, तेव्हा जरा जपून!) अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. पुण्याहून रात्रीची गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं आणि पुढे एसटी. इथे किल्ला नाही, धबधबा नाही, रिसॉर्ट तर नाहीच. नोव्हेंबरात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, तुरीची पिवळी फुलं आणि खिडकीतून येणारी अशी काही थंडी, की बॅगेतलं जॅकेट बसमध्येच बाहेर निघतं. मी काही 'डेस्टिनेशन' म्हणून गेले नव्हते. मावशी राहते तिथे. चार दिवस मस्त झोप काढायची, एवढाच प्लॅन होता.

"काहून वं, झोप नाई झाली काय?" सकाळी चहा देताना मावशी म्हणाली. मी बोट परसाकडे केलं. "थो? थो काय करन बिचारा, त्याचं कामच हाय थे."

मावशीच्या परसात सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांचे पैसे मावशीचे. त्याचा हिशेब काकांना विचारायचा नाही आणि काकांनी मागायचा नाही, असा घरातला अलिखित करार. तिच्या हातातला मोबाइल याच पैशांतून आलाय, हे तिने मला दोनदा सांगितलं. त्यामुळे 'कोंबड्या काढून टाक ना' हे वाक्य मी चहाबरोबर गिळलं.

पण गोष्ट माझ्या झोपेची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने झुणका केला आणि सवयीने एक वाटी वेगळी काढली. मग थांबली आणि तो झुणका परत कढईत ओतला. शेजारच्या घरात जाणारी वाटी महिन्याभरापासून बंद होती म्हणे. कारण? कोंबड्या. शेजारची सून यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एकदा ती भिंतीवरून जोरात बोलली, मावशीही जोरात बोलली, आणि वीस वर्षांचा शेजार संपला. मावशीने आपल्या परीने उपाय केला होता. कोंबड्याला रात्री डालग्याखाली झाकायला लागली. तरी शेजारीण गप्पच. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं रायते काय?" मावशी वैतागून म्हणाली.

ही म्हण अगदी शास्त्रीय आहे, बरं का! जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं. बाहेर केव्हा उजाडतंय हे कळायला काही मार्ग नाही, तरी ते पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. हे २०१३ सालचं. २०१५ मध्ये त्याच मंडळींनी आणखी एक गंमत शोधली. कळपात सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यानंतर, आपापल्या नंबराने. (ऑफिसची मीटिंग आठवली ना?) बेल्जियमच्या संशोधकांनी तर कोंबड्याच्या स्वतःच्या कानापाशी आवाज मोजला. तो भरला १४० डेसिबलच्या आसपास. मग तो बहिरा कसा होत नाही? चोच पूर्ण उघडली की त्याचा कान आतून बंद होतो. म्हणजे ऐकायचं फक्त आपण!

कोंबड्यावरून भांडणं सगळीकडे होतात. मे २०१९ मध्ये पुण्यातल्या सोमवार पेठेतला एक कोंबडा पहाटे झोपमोड करतो म्हणून एक बाई थेट पोलिसांत गेल्या होत्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर खटला चालला. तक्रार करणारे होते तिथे सुटीपुरतं घर घेतलेले शेजारी. कोर्टाने निकाल दिला मॉरिसच्या बाजूने, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेने खेड्यातले आवाज नि वास हाही वारसा आहे, असा कायदाच केला. हे सगळं मी मावशीला रंगवून सांगितलं. तिला मॉरिस फार आवडला. "पण वाटी तं बंदच हाय ना," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच शेजारी गेले. साडेनऊ वाजलेले. वहिनी नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या, डोळे लाल. "कोंबड्याचं काय नाही हो," त्या म्हणाल्या. "तो ओरडतो तेव्हा मी दवाखान्यात असते. मला झोपायचं असते दहा वाजता. अन् दहा वाजताच काकूच्या कोंबड्या सुरू होतात."

धत् तेरे की! महिनाभर शिक्षा भोगत होता कोंबडा, आणि गुन्हेगार होत्या बाया.

त्या दिवशी मी परसात खुर्ची टाकून बसले. वहिनींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कोंबडी अंडं घालायच्या आधी कुरकुरते, आणि घातल्यावर जो काही कलकलाट करते तो पाच-दहा मिनिटं थांबत नाही. का करते? कुणी म्हणतं, रानात अंडं घालायला बाजूला गेलेली कोंबडी कळपाला हाक मारते. कुणी म्हणतं, शत्रूचं लक्ष घरट्यावरून हटवते. कारण काहीही असो, एक सुरू झाली की बाकीच्या साथ देतात. त्यात मावशीकडे अंडी घालायला एकच खोकं. आत एक बसलेली, बाहेर दोघी 'नंबर कधी लागणार' म्हणून बोंबलतायत. सकाळच्या लोकलमधला चौथ्या सीटचा सीन! आणि खुराडं कुठे? दोन्ही घरांमधल्या भिंतीला चिकटून, बरोबर वहिनींच्या खिडकीखाली.

नाइट शिफ्ट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे जास्त कडक मर्यादा आहे ती रात्री झोपणाऱ्यांसाठी. सकाळी दहाला पडदे ओढणाऱ्या नर्सने, वॉचमनने, कॉल सेंटरवाल्याने काय करायचं? ते कुकरच्या शिट्ट्या ऐकत पडून राहतात. नेरमध्ये कोंबड्या ऐकत.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले वाटलं, कोंबड्याचंच म्हनते ते." आणि उठून टॉर्च शोधायला लागली.

रात्रीच काम उरकलं. अंधारात कोंबड्या गुंगीत असतात, कुठेही उचलून ठेवा. काकांनी खुराडं परसाच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या पलीकडे नेलं. चार-पाच कोंबड्यांना अंडं घालायला एक जागा लागते, म्हणून दोन जुन्या टोपल्या काढल्या, त्यात सोयाबीनचं कुटार भरलं आणि प्रत्येकीत एक-एक अंडं ठेवलं. आधीचं अंडं दिसलं की कोंबडी तिथे बिनघोर बसते. कोंबड्याचाही विषय निघाला. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे मला तिथे कळलं (मास कॉमच्या डिग्रीत हे नव्हतं!). तो लागतो पिल्लांसाठी. त्याला शेतावर पाठवून रवणीची अंडी तिकडून आणता आली असती. एकवीस दिवस काय, कुठल्याही खुडूक कोंबडीखाली ठेवा. पण मावशी नाही म्हणाली. आता त्याच्यावर आरोपच नव्हता ना.

सकाळी एक टोपली चालली. दुसरीत कुणी पाऊल टाकेना. भुरी कोंबडी जुन्या जागी, भिंतीपाशीच बसली आणि दहा वाजता तिने साऱ्या गल्लीला बातमी दिली. मावशी अनवाणी धावली, तिला काखेत घेतलं आणि पार न्हाणीपर्यंत तिच्याशी हलक्या आवाजात भांडत गेली. वहिनींच्या खिडकीचा पडदा थोडा सरकला. मावशीने बघितलं, पण मान वर केली नाही.

मी दुपारच्या एसटीने निघाले. बॅगेत कुटारात गुंडाळलेली दहा अंडी. पुण्यापर्यंत आठ टिकली.

पंधरा दिवसांनी मावशीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. वाटलं, पिल्लांचा असेल. उघडला तर वहिनींचा महिन्याचा ड्युटी चार्ट, स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेला. नाइटच्या तारखांना लाल गोल. लगेच फोन लावला. नाइटच्या आठवड्यात कोंबड्या अंडी घालेपर्यंत पलीकडच्याच कोपऱ्यात जाळीत ठेवते, म्हणाली.

"आणि वाटी?"

"गेली ना. परवा वांग्याची भाजी पाठवली." मागे कुणीतरी जोरात कलकलत होतं. "थांब वं, थे भुरी पुन्हा भिंतीकडे गेली," असं म्हणून तिने फोन ठेवला.