गोधडीचे वजन

इंदूरची माझी धाकटी बहीण गोधड्या शिवते आणि मोबाइलवरून देशभर विकते. शिवण्यापेक्षा पाठविण्याचीच चिंता तिला अधिक. जो कुरियर स्वस्त तो निवडावा, असे कोणासही वाटेल. पण गोधडी पडली फुगीर. दोन किलोंची गोधडी ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली की बहुतेक खाजगी कुरियर या मापांच्या गुणाकारास ५००० ने भागून ४.८ किलोंचे भाडे लावतात. म्हणजे हवेचेही भाडे द्यावयाचे! बहिणीने खोके सोडून घट्ट वळकटी बांधली, हिशेब २.४ वर आला.

उरला प्रश्न दाराचा. गेल्या हिवाळ्यात मेळघाटातील एका आजीबाईंनी बाळंतीण लेकीसाठी मागविलेली गोधडी ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा घेऊन परत आली. आजीबाई दिवसभर ओटीवरच होत्या. पैसे पोचल्यावर मिळावयाचे; ते राहिले, आणि दोन्ही वेळचे भाडे बहिणीच्या माथी.

शहरात खाजगी कुरियर खुशाल निवडावा. खेड्यासाठी मात्र मी टपाल खात्याच्या बाजूचा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी योजिलेला, १९७२ साली सुरू झालेला पिनकोड आज सारेच कुरियर वापरतात. पण पिनकोड ठाऊक असणे निराळे आणि तेथवर माणूस धाडणे निराळे.

तीच गोधडी मग स्पीड पोस्टाने गेली. बाळ तोवर पंधरा दिवसांचे झाले होते. थंडी सरली नव्हती.