साकीनाक्याहून काळ्या घोड्याकडे

मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका हे स्थळ प्रेक्षणीय म्हणून कोणी सांगणार नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मालमोटारींची आणि रिक्षांची अखंड दाटी, दोहों बाजूंच्या गल्ल्यांतून पत्र्याचे, लेथचे, छपाईचे लहान लहान कारखाने, आणि कित्येकांच्या माळ्यांवर संसार. येथील मुलांस काही घडवावेसे वाटले तर त्यांनी बसावे कोठे? घरात चित्र काढावयास घ्यावे, तो जेवणाची वेळ होते आणि कागद गुंडाळावा लागतो.

अशा ठिकाणाहून आम्ही गेल्या माघात घरची चार मुले घेऊन काळा घोडा कलामहोत्सव पाहावयास निघालो. शेजारच्या कारखान्यातील एक पत्राकारागीर व त्याचा मुलगा हेही बरोबर होते. पूर्वी हा प्रवास म्हणजे बस, मग लोकल, मग पायपीट. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 च्या जूनात सुरू झाली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. आता एक स्थानक जाऊन मरोळ नाक्यास गाडी बदलावी, की थेट हुतात्मा चौक. वाटेत सायन्स सेंटर हे स्थानक लागते. तेथील नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान 1979 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, खुले झाले. शास्त्र हे खेळून शिकावे, ही कल्पना त्यामुळे मुंबईकरांस नवीन नाही. कलेविषयी मात्र आपण फार सोवळे! सहलीस गेलेली मुले हात पाठीमागे बांधून मूर्तींपुढून रांगेने जातात. वास्तविक नाट्यशास्त्रात कलेची जन्मकथाच देवांनी ब्रह्मदेवाजवळ 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणे, मागितल्यापासून सुरू होते.

हा महोत्सव 1999 पासून चालू आहे. नऊ दिवस रस्त्यावरच मोठमोठ्या कलाकृती मांडलेल्या असतात, आणि मुलांसाठी निराळा विभाग असतो. आमची मंडळी मातीकामास बसली. तेथे मौज अशी की, कित्येक आईबाप मुलांच्या हातची माती काढून घेऊन स्वतःच सुबक गणपती करीत होते आणि मुले बिचारी शेजारी बसून पाहत होती! कारागीर मात्र दूर कडेला उभा होता. ही जागा आपली नव्हे, असे त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. त्याच्या मुलाचा बैल काही केल्या उभा राहीना. पाय पुनःपुन्हा बसत. अखेर बाप पुढे आला, खिशातून तारेचा तुकडा काढून मुलाच्या हाती दिला आणि म्हणाला, "आधी हाडं घाल, मग मांस." स्वतः मातीस बोट लावले नाही. बैल उभा राहिला. शिकविणाऱ्या बाईंनी इतर मुलांस बोलावून ती युक्ती दाखविली, तेव्हा मुलाने बापाकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी आम्ही पूर्वी कधी त्याच्या ठायी पाहिली नव्हती.

तेथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दोन पावलांवर आहे. हे संग्रहालय 1922 साली खुले झाले, परंतु त्याच्या आवारात खास मुलांचे संग्रहालय व्हावयास 2019 साल उजाडले. जुन्या गोरखचिंचेच्या सान्निध्यात ते बांधले आहे. मुलांनीच वस्तू निवडून मांडाव्यात, हा तेथला पायंडा आम्हांस फार आवडला. आमची धाकटी नात तर झाडाचा बुंधा किती हातांत मावेल याच हिशेबात गुंतली. आत नेण्यास तिला ओढावे लागले.

परंतु एवढ्या दूर यावयास सुटीचा दिवस आणि भाड्याचे पैसे दोन्ही लागतात. साकीनाक्याच्या कारखान्यांत सुटी सर्वांस मिळतेच असे नाही. या संग्रहालयाने 2015 पासून एका मोठ्या मोटारीत फिरते संग्रहालय चालविले आहे, व ते शाळाशाळांतून जाते. ती मोटार आमच्या भागातील शाळेत यावी म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे आम्ही एक अर्ज लिहिला आहे. त्याखाली पालकांच्या सह्या घेत आहो. पहिली सही त्या कारागिराची आहे.