आडवा किल्ला

आमच्या बल्लारपुरात वर्धेच्या काठी गोंड राजांचा किल्ला आहे. पाहुणा आला की तो आम्ही हौसेने दाखवतो. जुन्या लढायांची खूण म्हणजे तट नि बुरूज, ही आपली समजूत अशा किल्ल्यांनीच करून दिलेली. पण दुसऱ्या महायुद्धाने मागे ठेवलेले कितीतरी किल्ले उभे नाहीत, आडवे आहेत. त्यांना विमानाच्या धावपट्ट्या म्हणतात.

असा एक गोंदियाजवळ बिरसीला आहे. १९४० साली इंग्रज सरकारने तो युद्धासाठी बांधला. पुढे १९४२ मध्ये रंगून पडले, विशाखापट्टणवर बाँब आले आणि लढाई आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपली.

माझे आजोबा ऐन तारुण्यात तिथे गिट्टी फोडायला होते. विमानाला ते अखेरपर्यंत 'इमान' म्हणत. शाळकरी वयात मी मोठ्या ऐटीने विचारले होते, "आबा, लढाई कोणाची होती?"

"आमाले काय ठावं, बाबू! मुकादमालेबी ठावं नव्हतं. गिट्टी बारीक पायजे, येवढंच तो सांगे."

तिकडे बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावर त्याच युद्धात लढाऊ विमाने जोडली जात, तीही परमुलखातून धरून आणलेल्या वेठीच्या मजुरांकडून. तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून त्या पट्ट्यांवर लोक फिरायला जाऊ लागले. पण मजुरांच्या बराकी जिथे होत्या, तिथली माती अभ्यासकांनी मुद्दाम उकरून पाहिली. वेठ विसरू नये, एवढी चाड त्यांनी ठेवली.

बिरसीचे नशीब निराळे. २००५ अखेर ती पट्टी विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, पुढे तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि २०२२ साली प्रवासी विमानेही उडाली. बल्लारशाहून गोंदियाच्या गाडीत बसून, नागभीड-वडसा मागे टाकीत, मीही एकदा जाऊन आलो. कुंपणाबाहेर उभा होतो. एक इवलेसे विमान उतरे, चाके टेकवी आणि पुन्हा वर जाई. कोणाची तरी लेक किंवा लेक शिकत असावा. आबा जन्मात कधी विमानात बसले नाहीत. त्या डांबराखाली त्यांनी फोडलेली गिट्टी असेल, नसेलही. पण जमीन सपाट झाली ती त्यांच्यासारख्यांच्या हातांनी.

वर्गात मी राजांची नावे पाठ करून घेतो. त्यांचे दगड वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येत नाही. बिरसीच्या बाबतीत निदान एक नाव मला ठाऊक आहे. हल्ली किल्ल्यांचा धडा संपला की मी ते फळ्यावर लिहितो आणि मुलांना म्हणतो, "घरी जाऊन आपापल्या आजोबांना विचारा, त्यांनी काय बांधले."