गिनती

शाळेतल्या शिक्षकांचीही एक पंगत असते. गणित आणि इंग्रजी शिकवणारे चांदीच्या फुल्यांच्या पाटावर, संस्कृत-मराठीवाले त्यांच्या शेजारी, चित्रकला आणि हस्तव्यवसायवाले जरा खालच्या अंगाला. आणि ड्रिलमास्तरांचं पान मांडलं तर मांडलं! परीक्षेत कवायतीला कुणी नापास होत नाही, म्हणून त्या विषयाची कुणाला भीतीही नाही.

पुण्यातल्या आमच्या शाळेत कवायत शिकवायला जे होते, त्यांना सगळी शाळा 'हवालदारसर' म्हणे. गडी साताऱ्याकडचा. कडक इस्त्रीची खाकी अर्धी विजार, ताठ कणा आणि चालताना किंचित ओढला जाणारा डावा पाय. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत. पुढची विद्या पलटणीत मिळालेली. त्या काळी हिंदी फौजेत जवानांना हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीत शिकवत. त्यामुळे सर आमची नावंही इंग्रजी अक्षरांत लिहीत. बाकीच्या शिक्षकांना त्याचं हसू येई. सरांना त्याचं काहीच वाटत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती. १९४५ नंतर त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आलं. कुणी पुन्हा नांगर धरला, कुणी मुंबईला गिरणीत लागला, कुणी पोलिसांत गेला. १९४८ साली एन. सी. सी. सुरू झाली, शाळाही वाढत होत्या, आणि 'सावधान-विश्राम' शिकवणाऱ्यांना मागणी आली. आमचे सर असेच शाळेत आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून ते इटलीत लढले होते.

लढाईच्या गोष्टी ऐकायला आम्ही टपलेले असू. पण सर सांगत ते इटलीतल्या चिखलाचं, रसदीच्या खेचरांचं आणि द्राक्षांच्या मळ्यांचं. फक्त १० जुलैला मात्र ते आम्हांला मैदानावर दोन मिनिटं स्तब्ध उभं करीत आणि एकच गोष्ट सांगत. १९४४ साली त्या दिवशी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, कुलाबा जिल्ह्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. हा २२ वर्षांचा पोरगा एकटा धावून गेला. हातबाँब टाकून त्यानं मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुन्हा काडतुसं भरायला सवड नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं आडवं केलं. मग दडून बसलेल्यांच्या गोळ्या त्याला लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलीत असू, तेवढ्यात सर म्हणत, "टाळ्या नकोत. सांजच्याला गिनती झाली, तवा नाव पुकारलं की जबाब येत न्हवता. ते ध्यानात ठेवा." गिनती म्हणजे फौजेतली हजेरी. हा शब्द त्यांनी शाळेतही सोडला नव्हता.

१९६१ साली ही गोष्ट ऐकून दोनच दिवस झाले होते. १२ जुलैच्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते वाचवायला जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. ती पुरी पडली नाहीत. पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांत शिरलं. मातीचे जुने वाडे उभ्याउभ्या बसले. पूर ओसरला तेव्हा नदीकाठी चिखलच चिखल होता. नळ कोरडे, दिवे बंद. जुन्या आडांवर पुन्हा रांगा लागल्या.

मी तेव्हा नववीत होतो. आमचं घर सदाशिव पेठेत, उंचावर, म्हणून आम्ही सुखरूप होतो. दुसऱ्या दिवशी दारात हवालदारसर उभे! हातात नदीकाठच्या मुलांची यादी, रोमन अक्षरांत, ६३ नावांची. कुणीतरी त्यांना म्हटलं होतं, "शाळा भरली की कळेलच, कोण आलं आणि कोण नाही." त्यावर सरांचं उत्तर होतं, "शाळा भरंपर्यंत? गिनती त्याच सांजंला व्हावी लागती. आधीच उशीर झालाय."

वडिलांनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. आणखी दोघं मुलं होती. आम्ही निर्वासितांच्या एकेका मुक्कामी जात होतो. मूल सापडलं की सर त्याचं नाव खणखणीत पुकारीत आणि त्यानं 'हजर' म्हटल्यावाचून यादीवर खूण करीत नसत. मला आधी ते गमतीचं वाटलं. मग पाहिलं, की दोन दिवस तोंड न उघडलेली मुलंही तो एक शब्द बोलत होती.

आठवीतला एक मुलगा एका ओल्या वळकटीवर बसला होता. घर गेलं होतं. म्हणाला, "सर, माझं नाव काढून टाका. पुस्तकंच नाहीत." त्याची आई काही बोलली नाही. सर उकिडवे बसले. म्हणाले, "पुस्तकं गेली. तू हायेस न्हवं? मग हजर म्हण." पोरगं रडत रडत 'हजर' म्हणालं. पुढं त्याची पुस्तकं सरांनी घरोघर फिरून गोळा केली. तो मॅट्रिक झाला.

पाच दिवसांत ६२ खुणा झाल्या. एक नाव राहिलं. सर रोज त्याच्या पडक्या वाड्याशी जाऊन विचारून येत. नवव्या दिवशी वाईहून त्या मुलाचं कार्ड आलं. आजोळी सुखरूप होता. सरांनी कार्ड दोनदा वाचलं, खूण केली आणि व्हरांड्यातल्या पायरीवर बसले. शाळेच्या वेळात त्यांना बसलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोन्तोने गावात यशवंत घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे. ती बातमी वाचताना मला वाटलं, सरांनी ती दोनदा वाचली असती.

लढाईवरून माणसं काय काय घेऊन येतात! कुणी पदक आणतं, कुणी दारूचं व्यसन, कुणी रात्रीची दचकून उठण्याची खोड. आमच्या सरांनी जबाब न आलेली नावं आणली होती, आणि त्यापायी जबाब देणाऱ्या एकाही पोराला त्यांनी हातचं जाऊ दिलं नाही. आजही मुलं सहलीला निघाली, की बसच्या दारात उभं राहून कुणीतरी डोकी मोजत असतं. त्याचं पान पंगतीत कुठं मांडायचं, हे ज्याच्या त्याच्या शाळेनं ठरवावं.